ख्यातीवर घेतलेली उचल

मराठी चित्रपटसृष्टीत गेल्या दीड दशकात एक आकडा विलक्षण लोकप्रिय झाला आहे, तो म्हणजे दोन. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला, २०१५ साली ‘अगं बाई अरेच्चा २’, २०२२ साली ‘दे धक्का २’ आणि २०२४ साली ‘नवरा माझा नवसाचा २’. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आणि ‘टाईमपास’ यांची गाडी तीनपर्यंत गेली, ‘बॉईज’ची तर चारपर्यंत. पहिल्या चित्रपटावर ज्यांनी मनापासून प्रेम केले, तेच प्रेक्षक दुसरा भाग पाहून चित्रपटगृहाबाहेर पडताना सर्वांत अधिक खट्टू दिसतात. समीक्षकांची नाराजी समजण्यासारखी आहे, तो त्यांचा व्यवसायच आहे. परंतु ज्याने ‘झपाटलेला’ वीस वेळा पाहिला, ज्याला त्यातील प्रत्येक प्रसंग क्रमाने सांगता येतो, असा माणूस जेव्हा हळू आवाजात ‘पहिल्यासारखा नाही’ एवढेच म्हणून गप्प होतो, तेव्हा त्यामागील कारण शोधणे अगत्याचे ठरते.

‘सवय झालेल्या माणसाला नवे आवडत नाही’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण मला पटत नाही. कारण निराळे आहे आणि ते चित्रपटांतच सापडते.

१९९३ सालचा ‘झपाटलेला’ घ्या. मूळ कल्पना परकी होती हे सर्वांना ठाऊक आहे. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात एका खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. महेश कोठारे यांनी तेवढे बीज उचलले आणि ते येथल्या मातीत असे पेरले की, त्याला फळ मात्र अस्सल मराठी आले. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि हाताळलेला बाहुला, दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या या त्रिवेणी संगमातून तो चित्रपट उभा राहिला. बाहुला लाकडी चेहऱ्याचा, बोटभर मिशांचा, उंचीला गुडघ्याएवढा. त्याची हालचाल यंत्राच्या किमयेने नव्हे, माणसाच्या हातांनी होत होती. म्हणूनच ती किंचित अडखळत असे, आणि त्या अडखळण्यातच भीती आणि हसू दोन्ही होते.

त्याहून महत्त्वाचा लक्ष्या. हा भाबडा, आईच्या पदराआडचा तरुण खरे बोलतो आहे आणि त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवीत नाही, हा सगळ्या कथेचा कणा आहे. ज्याच्याजवळ पत नाही, ओळख नाही, पैसा नाही, त्याचे खरे म्हणणेही खोटे ठरते. कचेरीत, बँकेत, पोलीस ठाण्यात ज्याला कधी ना कधी हा अनुभव आला आहे, असा कारकून किंवा शिक्षक लक्ष्याला हसला, तेव्हा तो काही अंशी स्वतःलाच हसत होता.

‘झपाटलेला २’ आला तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते, १६ डिसेंबर २००४ रोजीच ते गेले होते. लक्ष्याच्या जागी लक्ष्याचा मुलगा आला. बाहुला तोच, आवाजही प्रभावळकरांचाच. भर मात्र चित्र त्रिमिती आहे, चष्मा लावून पाहायचे आहे, यावर होता. तात्या पडद्याबाहेर येऊन अंगावर झेपावतो याचे अप्रूप दोन-चार वेळा वाटते. परंतु पहिल्या चित्रपटातील धास्ती बाहुला किती जवळ येतो यावर अवलंबून नव्हती. तो जिवंत आहे हे एकट्या लक्ष्याला कळले आहे, यावर ती अवलंबून होती. दुसऱ्या भागात प्रत्येक प्रेक्षक आधीच सगळे जाणून बसलेला असतो. हा नव्या नटांचा दोष नव्हे. त्यांच्या वाट्याला लक्ष्याची अडचण आलीच नाही, केवळ त्याचे नाव आले.

हेच सूत्र अन्यत्रही लागू पडते. सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ सालचा. नवस असा विचित्र की नवऱ्याने विवस्त्र होऊन गणपतीपुळ्याच्या गणपतीला जायचे, आणि जायचे ते एस.टी.च्या गाडीने. प्रवासपटाची ही परंपरा १९७२ सालच्या ‘बॉम्बे टू गोवा’पर्यंत आणि त्याच्याही मागे १९६६ सालच्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ चित्रपटापर्यंत जाते, तेव्हा केवळ कल्पनेच्या नावीन्यासाठी त्याची थोरवी सांगण्याचे कारण नाही. पण एस.टी. ही जागा त्यांनी अचूक निवडली होती. एस.टी.त माणूस अडकतो. शेजारचा नकोसा असला तरी उठून जाता येत नाही. सर्वांचा कंडक्टर एक, सर्वांचा खोळंबा एक, आणि घंटीच्या दोरीचा अधिकार एकाच्याच हाती. अशोक सराफ यांचा कंडक्टर रंगला तो या कोंडीमुळे. ज्यांनी औट्रम घाटात वाहनांच्या रांगेत तास-दोन तास काढले आहेत, त्यांना एका गाडीत अडकलेले पन्नास अनोळखी लोक कसे हळूहळू एक कुटुंब होतात, हे सांगायला नको.

२०२४ साली हीच मंडळी कोकण रेल्वेने निघाली. कोकण रेल्वे हा अभियांत्रिकीचा चमत्कार आहे, याबद्दल वाद नाही. परंतु रेल्वेत डबे अनेक असतात. नको असलेल्या माणसापासून उठून दुसरीकडे जाता येते. कोंडी सैल झाली आणि विनोदही सैल झाला. अशोक सराफ येथेही आहेत, तपासनिसाच्या वेषात, आणि त्यांना पाहून टाळ्या पडतात. त्या टाळ्या २००४ सालच्या आहेत.

‘दे धक्का’ची (२००८) गोष्ट याहून ठळक. अमेरिकेच्या ‘लिटल मिस सनशाइन’वर बेतलेल्या या चित्रपटात, मुलीला नृत्यस्पर्धेला नेण्यासाठी एक ओढगस्तीचे कुटुंब खिळखिळ्या गाडीतून निघते. गाडीला धक्का द्यायचा तर सर्वांना एकाच वेळी खाली उतरून एकाच दिशेने जोर लावावा लागतो. भांडणाऱ्या घराला एकत्र आणणारी इतकी सोपी, इतकी नेमकी युक्ती मराठी पडद्यावर क्वचितच सापडेल. दुसऱ्या भागात तेच कुटुंब लंडनला गेले. लंडन सुंदर आहे, पण तेथे धक्का देण्याचे प्रयोजन काय?

तिन्ही उदाहरणांत एक धागा दिसतो. पहिल्या चित्रपटांतील हसू अभावातून, अडचणीतून आले होते. दुसऱ्या भागात निर्मात्याच्या हाती साधने आली आणि त्याने प्रथम ती अडचणच दूर केली. पात्रे, नावे, लकबी आणि पाठ झालेली वाक्ये राहिली. जणू प्रेक्षकाचे प्रेम त्यांवरच होते!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘ख्याती’ ही संज्ञा परिचित आहे. पेढीचे नाव, ग्राहकांचा विश्वास, वर्षानुवर्षांची सचोटी यांचे मूल्य म्हणजे ख्याती. भागीदारीत नवा भागीदार येतो तेव्हा ख्यातीतील आपल्या हिश्श्याची रक्कम त्याला आणावी लागते, कारण जुन्यांनी कमावलेल्या नावाचा लाभ त्याला आयता मिळणार असतो. चित्रपटाचा दुसरा भाग हा असा नवा भागीदार आहे, आणि बहुधा तो रिकाम्या हातांनी येतो. त्याने घेतली ती उचल. आमच्या मराठवाड्यात उचल म्हणजे काय हे ऊसतोडणीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे: रक्कम आधी हाती पडते, घाम नंतर गाळून ती फेडावी लागते. चित्रपटव्यवसायात मात्र उचल निर्माता घेतो आणि फेड पुढचे कोणीतरी करतात.

हे पुढचे कोण, ते नीट पाहिले पाहिजे. चित्रपट ही अशी वस्तू आहे की तिचा दर्जा पैसे मोजल्यावरच कळतो. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावातून सहकुटुंब नवा चित्रपट पाहायला संभाजीनगरला जायचे, तर साठेक किलोमीटरचा प्रवास, चौघांची तिकिटे, बाहेरचे खाणे आणि एक संपूर्ण रविवार एवढा खर्च होतो. एवढा खर्च माणूस अनोळखी नावावर करायला बिचकतो, ओळखीच्या नावावर करतो. म्हणून ओळखीच्या नावाने केलेली निराशा त्या एका चित्रपटापुरती राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, ग्राहकाला चांगले-वाईट आधी ओळखता येत नसेल तर तो सर्वच मालाला कमी किंमत देऊ लागतो, आणि मग चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. या विवेचनासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकही विभागून मिळाले. मराठी चित्रपटाच्या बाजारात फेड करणारा तो चांगला माल म्हणजे एखाद्या नवख्या दिग्दर्शकाचा, कोणताही आकडा नसलेला पहिला चित्रपट. पुढच्या रविवारी त्याची पाटी लागते तेव्हा आमचे कुटुंब घरीच बसलेले असते.

यावर असे म्हटले जाईल की प्रेक्षकच दुसरा भाग मागतात. ते खरे आहे, आणि ही मागणी जुनी आहे. कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून ढकलले, पण वाचकांनी त्याला परत आणायला लावलेच. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारची आणि धनंजयची पुस्तके वाचनालयांतून अक्षरशः झिजली. पण त्या मालिकांत नायक तोच असे आणि गुंता प्रत्येक वेळी नवा असे. दादा कोंडके यांना तर ‘सोंगाड्या’चे (१९७१) यश कितीही वेळा गिरवता आले असते. त्यांनी आपला भोळसट, चावट, नाडी लोंबणारा माणूस सोडला नाही, हे खरे. पण ‘एकटा जीव सदाशिव’ आणि ‘पांडू हवालदार’ ही स्वतंत्र नावे होती आणि पांडूची फजिती ही गणवेश घातलेल्या माणसाची फजिती होती. त्यांच्या चित्रपटांच्या अभिरुचीविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, तरी एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आता ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. दरम्यान तंत्र एवढे पुढे गेले आहे की दिवंगत नटाचा चेहराही पडद्यावर उभा करता येतो. १९९४ साली निधन पावलेले पीटर कुशिंग हे इंग्रज नट २०१६ सालच्या ‘रोग वन’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील चित्रपटात अशा रीतीने दिसले. जुन्या चाहत्यांनी ते पाहिले, थक्कही झाले, आणि पुष्कळांना ते अस्वस्थ करणारे वाटले. आपल्याकडेही हा मोह कोणाला तरी होईल. तात्या विंचू पुन्हा यावा, अवश्य यावा. पण त्याच्यासमोर लक्ष्याचा यंत्रातून काढलेला चेहरा ठेवू नये. त्याऐवजी आजच्या काळातील असा कोणी माणूस ठेवावा की ज्याचे खरे म्हणणे कोणीच ऐकून घेत नाही. अशी माणसे शोधायला लंडनला जावे लागणार नाही. कोणत्याही तहसील कचेरीच्या ओट्यावर सकाळी अकरा वाजता ती बसलेली असतात.