सेल्फ मारताना आधी धूर बघा

नाणेघाटाच्या पठारावर किंवा डिंभे धरणाच्या पाण्याकाठी मुक्कामाला आलेली जुनी डिझेल गाडी सकाळी सुरूच होत नाही, हे डिसेंबर-जानेवारीत हमखास घडते. रात्रभर गारठा असतो. सेल्फ मारला की इंजिन जडपणे दोन-चार वेढे घेते आणि थांबते. मग एक जण ‘पंप गेला’ म्हणतो, दुसरा ‘काँप्रेशन गेले’ म्हणतो आणि गाडी दोर लावून जुन्नरला नाहीतर घोडेगावला ओढून न्यावी लागते. अशा कित्येक गाड्यांचा पंप शाबूत असतो आणि इंजिनही. नसलेला आजार शोधण्यापायी मालकाचे पैसे मात्र जातात.

जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका झाला, २०२१ मध्ये राज्याचे कॅराव्हॅन धोरण आले आणि चाकावरच्या घराची हौस वाढली. नवी कॅराव्हॅन परवडत नाही म्हणून जुनी ट्रॅव्हलर किंवा ट्रॅक्स घ्यायची, मागची आसने काढायची, बिछाना आणि शेगडी बसवायची. (या बदलाची आरटीओत रीतसर नोंद करावी लागते, हे विसरू नये.) निवड वाईट नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये आणलेली ट्रॅव्हलर ही मूळची मर्सिडीजची व्हॅन, परवाना घेऊन इथे बनवलेली. तिच्या जर्मन बहिणी युरोपात आजही कॅम्पर म्हणून फिरतात. दोन्हीकडच्या जुन्या गाड्यांत ओएम ६१६ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन सापडते. त्यामुळे थंडीतले दुखणेही दोन्हीकडे सारखेच.

आपल्या भागाला चाकावरचा संसार काही नवा नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडांच्या गाड्या दसऱ्याला बाहेर पडतात, जत्रांचा हंगाम संपला की परततात आणि पावसाळाभर उभ्या राहतात. गाडी पळण्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते, हे या गाड्या सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. हौशी कॅम्परवाल्यांची गाडी तर महिनोन्महिने पार्किंगमध्येच असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबायची, ती दाबामुळे तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. ओएम ६१६ मध्ये हवा तिच्या मूळ आकाराच्या सुमारे एकविसाव्या हिश्शात दाबली जाते. पण या इंजिनात डिझेल आधी माथ्यातल्या एका छोट्या कप्प्यात पडते. पहाटे त्या कप्प्याच्या गार भिंती हवेची ऊब शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कप्प्यात एक हीटर प्लग दिलेला असतो. थंड इंजिनाला तीनच गोष्टी हव्यात: पुरेसा वेग, पुरेसे डिझेल आणि पुरेशी ऊब. यातले काय कमी पडते आहे, ते सायलेन्सर सांगतो.

म्हणून पहिले काम एवढेच: एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून धूर बघायचा.

धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. संध्याकाळी गाडी एका सेल्फला सुरू झाली होती आणि सकाळी रुसली, तर बहुधा ‘एअर घेतली’ आहे. रबरी नळीला बारीक चीर असते. तिच्यातून डिझेल गळत नाही, पण रात्रभर हवा आत शिरते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. नोझलवरून जादा डिझेल परत नेणारी, वरून सुती विणीची बारीक नळी कडक होऊन तडकते, ती सर्वांत आधी तपासा. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली तर बुडबुडे पळताना डोळ्यांनी दिसतात. मग अंदाजाचे कारण उरत नाही. एअर काढायची तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग निर्मळ धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पण नळी बदलली नाही तर उद्या सकाळी पुन्हा तेच. पावसाळ्यानंतर फिल्टरच्या तळाचे पाणीही काढून टाकावे.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. इथे संशय हीटर प्लगवर घ्यायचा. तपासणीला एक टेस्ट लॅम्प पुरतो. प्लगांवर येणारी वायर सोडा, लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरे एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. दिवा लागला तर प्लगची तार जिवंत आहे. नाही लागला तर तो प्लग मेला. चारही जिवंत असतील तर वायरपर्यंत वीज येते का ते बघा, कारण कित्येकदा दोष रिलेचा नाहीतर फ्यूजचा निघतो. एखादाच प्लग गेला असेल तर गाडी सुरू होते, पण पहिली काही मिनिटे तीन सिलिंडरवर थडथडते.

इंजिन मुळातच हळू फिरत असेल तर पुढचे सगळे नंतर बघू. कॅम्परमध्ये नेमकी इथेच गडबड होते. रात्रभर दिवे, पंखा, मोबाइल चार्जर आणि छोटा फ्रिज त्याच एका बॅटरीवर चालतो, आणि सकाळी तिच्याकडूनच सेल्फची अपेक्षा. भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या खाली बसत असेल तर चार्जिंग तरी कमी आहे किंवा बॅटरी संपली आहे. घरासाठी दुसरी बॅटरी बसवा, आणि गाडी बंद असताना दोन्ही वेगळ्या करणारा रिले लावा. बॅटरी चांगली असूनही सेल्फ रेंगाळत असेल तर इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी सोडून घासा. गंजलेल्या एका बोल्टपायी नवी बॅटरी घेतलेले लोक थोडे नाहीत.

‘डिझेल गोठले’ हे मात्र आपल्याकडे सहसा खरे नसते. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आहे, उन्हाळीला १८. मे महिन्यात भरलेली टाकी घेऊन जानेवारीत मुक्कामाला जाणाऱ्याने तेवढे लक्षात ठेवावे आणि निघताना ताजे डिझेल भरावे.

एवढे सगळे ठीक असेल तर टॅपेट तपासून घ्या. या इंजिनात थंड असताना इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट लागते. फट मिटली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि धडधाकट इंजिनही काँप्रेशन गेल्यासारखे वागते. काँप्रेशन मोजणे, नोझल आणि पंप उघडणे यांची पाळी त्यानंतरची.

आणि एक कळकळीची विनंती. एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या हीटर प्लगमुळे तो भलत्या वेळी भडकतो. मॅनिफोल्ड फुटतो, पिस्टन तडकतो. टाकीखाली पेटता बोळा धरण्याची जुनी सवय तर त्याहून वाईट. शेगडीचा सिलिंडर आणि झोपलेली माणसे त्याच गाडीत असतात.