अडीच हजारांपर्यंतची वाट

ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार रुपये झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशातल्या १९९५च्या अपंग कायद्याला तीस वर्षं झाली. वाढीचा आनंद खरा आहे. पण ती बातमी आमच्या घरी आली तेव्हा धाकट्या भावाचं आधीचंच अनुदान अडकलेलं होतं. पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा करायची पद्धत सुरू झाली आणि यंत्र त्याच्या बोटांचे ठसे मागत राहिलं. भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याची बोटं जन्मापासून मुठीत वळलेली आहेत. अशा माणसांसाठी आधारच्या नियमांत अपवादाची सोय आहे, पण ती आधार केंद्रातल्या मुलाला कुणी शिकवलेली नव्हती. कागदावरची रक्कम वाढली आणि हातात येणारी थांबली, हे एकाच वर्षात घडलं. म्हणून हा मागोवा.

संजय गांधी योजना १९८०ची. तिच्या सुरुवातीच्या वर्षांचं मला काही ठाऊक नाही. १९९५च्या कायद्याचं श्रेय मात्र द्यायला हवं. त्या डिसेंबरात जावेद अबिदी आणि देशभरातले अपंग कार्यकर्ते संसदेवर धडकले आणि काही दिवसांतच कायदा मंजूर झाला. अपंगत्वाचे सात प्रकार, चाळीस टक्क्यांची अट, नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण. आमच्या तालुक्यात त्यानंतरची बरीच वर्षं त्यातलं काही पोचलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा पुढच्या काळाकडे येते.

२००९ साली भाऊ अठरा वर्षांचा झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. ऐंशी टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, अशा दोन अटी होत्या. केंद्र दोनशे रुपये देई, राज्य त्यात भर घालून सहाशे करी. गावात याला सगळे निराधारचा पगार म्हणत. त्या सहाशे रुपयांसाठी पुढची दहा वर्षं आमचं घर ज्या रांगांत उभं राहिलं, त्या मी विसरलेले नाही.

पहिली रांग उत्पन्नाच्या दाखल्याची. राज्याच्या योजनेची मर्यादा होती कुटुंबाला वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला सत्तावन्न. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. पोती उचलणारा माणूस सत्तावन्न रुपयांपेक्षा जास्त कमावतो हे तलाठ्याला माहीत होतं, तहसीलदारांना माहीत होतं, योजना आखणाऱ्यांनाही माहीत असणार. तलाठी वडिलांना म्हणाला, "मामा, वीस हजार लिहितो, सही करा." वडील दोन हंगाम अडून बसले. कमाई लपवून सही करणं त्यांना कमीपणाचं वाटे. शेवटी आईच्या शब्दाखातर त्यांनी सही केली आणि त्यानंतर तहसीलच्या आवारात पाऊल टाकलं नाही. खरं बोलणारा ज्यात बसूच शकत नाही अशी मर्यादा ठेवून या योजनेनं एका आख्ख्या पिढीतल्या गरिबांना खोटं लिहायला लावलं. वर कुणी तक्रार केली की त्याच दाखल्यावर बोट ठेवून अनुदान बंद करायची सोय होती. हा अपराध तलाठ्याचा मी मानत नाही, मंत्रालयाचा मानते.

दुसरी रांग अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलची. तपासणीचा वैद्यकीय बोर्ड ठरलेल्या वारी बसे, तोही पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. वाढलेल्या मुलाला पाठीवर घेऊन आई जिना चढायची. बोर्डातल्या डॉक्टरांनी भावाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. जन्मापासून असलेल्या आणि मरेपर्यंत राहणाऱ्या अपंगत्वावर त्यांनी 'तात्पुरते, पाच वर्षे' असं लिहिलं. या एका शब्दामुळे आम्हाला सगळं पुन्हा करावं लागलं. आज एवढ्या वर्षांनीही त्या सहीचा मला राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. मग २०१२च्या सुमारास राज्यानं संगणकीय प्रमाणपत्रं आणली. हातानं लिहिलेली प्रमाणपत्रं बोगस निघत होती हे खरंच होतं. पण त्यावरचा इलाज म्हणून सगळ्याच खऱ्या अपंगांना पुन्हा जिना चढायला लावलं. पुढे केंद्राचं स्वावलंबन कार्ड आलं, यूडीआयडी, तेव्हा पुन्हा तेच. प्रत्येक सुधारणेचं ओझं ज्याला चालता येत नाही त्याच्यावरच टाकलं गेलं.

तिसरी रांग अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची. तालुक्याच्या समितीवर अध्यक्ष राजकीय नेमणुकीचा. सरकार बदललं की समिती बरखास्त, नवी नेमली जाईपर्यंत बैठकच नाही आणि अर्जांचे गठ्ठे तसेच पडून. मंजुरी मिळाल्यावर ज्या पुढाऱ्यांनी गावात ती आपल्या नावावर सांगितली, त्यांच्यातल्या एकानेही आमचा अर्ज वाचलेला नव्हता.

तरी त्या दशकातलं एक गेलं याचं मला फार वाईट वाटतं. तहसीलबाहेरच्या कडुलिंबाखाली एक वयस्कर गृहस्थ बसायचे. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही काखेत कुबड्या. पैसे न घेता ते लोकांचे अर्ज भरून द्यायचे. कोणता डॉक्टर कधी रजेवर असतो, अर्जाला कोणता कागद जोडला तर तो परत येत नाही, कोणत्या टेबलावर आवाज चढवायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. भावाचा अर्ज त्यांनीच तडीस नेला. मतिमंद आणि बहुविकलांग मुलांच्या आईबापांनी कायदेशीर पालकत्व घ्यावं, त्यासाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते, हे आम्हाला कोणत्याही कार्यालयानं सांगितलं नाही, त्यांनी सांगितलं. अर्ज ऑनलाइन झाले तसं झाडाखालचं माणूस कमी होत गेलं आणि एके दिवशी तेही यायचे थांबले. आज अर्ज भरून देणारी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. अर्ज का फेटाळला हे विचारलं तर सांगणारं मात्र तिथं कुणी नाही.

दशक संपता संपता २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आत आले. विदर्भातल्या आदिवासी घरांसाठी सिकलसेलची ती नोंद मोलाची होती. वर्तमानपत्रांनी एकविसाचं कौतुक केलं. चोविसाव्या कलमाबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त मदत द्यावी, असं त्यात लिहिलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये राज्यानं निराधारांचं अनुदान दीड हजार केलं तेव्हा दिव्यांगांनाही तेवढंच दिलं. कायद्याच्या हिशेबानं ते किमान १,८७५ व्हायला हवं होतं. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला म्हणून महाराष्ट्राचा गौरव झाला होता.

त्यानंतरचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २०२४ साली प्रशासकीय सेवेतल्या एका प्रशिक्षणार्थीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र वादात सापडलं आणि पडताळणीची लाट आली. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीत उपोषण केलं, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना सहा हजार ही एक होती. आंध्र प्रदेश ती रक्कम २०२४ पासून देतो, तेलंगण त्याच्याही आधीपासून ४,०१६ देतो. केंद्राचा वाटा २०१२ साली तीनशे झाला आणि तिथंच आहे.

अडीच हजार कमी आहेत, पण माझी मुख्य तक्रार रकमेची नाही. शासन अपंगाच्या शरीराचे टक्के मोजतं, घरच्यांची गरिबी मोजतं. सांभाळायला काय लागतं ते कधीच मोजत नाही. डायपर, फिट्सची औषधं, व्यायाम करवून घेणाऱ्याची फी, आणि भावाला उचलून फिरवण्यासाठी आईनं सोडलेली रोजंदारी, यातलं काहीही कोणत्याच अर्जात लिहायला जागा नाही. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१ हजारांवरून वाढून ५० हजार झाली, म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा याच राज्यानं मर्यादा अडीच लाखांची ठेवली. बहिणींना मिळालं ते योग्यच झालं, माझ्या गावातल्या बायकांच्या हातात त्यामुळे पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. पण धडधाकट माणसाचं घर अडीच लाखांपर्यंत गरजू ठरतं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घर ५० हजारांच्या पुढे गेलं की गरजू राहत नाही, हे कोणत्या न्यायात बसतं? या मर्यादेमुळे आजही तलाठ्याकडे खोटे दाखले लिहिले जात आहेत.

दिव्यांगांची मर्यादा किमान अडीच लाख करा, एवढी एकच मागणी आधी मान्य व्हावी. आपल्या आमदारांना येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारायला सांगा, आणि त्यांनी विचारला की नाही ते पाहा.