यंत्र 'कोणाचो?' विचारीत नाही

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कसालहून मालवणकडे येत असता कट्ट्याच्या पुढे एका वळणावर आम्हांला गर्दी दिसली. दुचाकी घसरून एक तरुण पडला होता. मागे बांधलेला मासळीचा खोका फुटून बांगडे रस्ताभर पसरले होते. हेल्मेट होते, पण ते हँडलला लटकलेले. तरुण बेशुद्ध होता. जमलेल्यांच्या तोंडी प्रश्न एकच, "कोणाचो रे?"

मालवणी मुलखात हा प्रश्न दरवेळी वाईट हेतूने विचारला जातो असे नाही. घरी निरोप धाडायचा तर बाप कोण, वाडी कोणती, हे कळावे लागते. परंतु वाडी कळली की जात कळते आणि जात कळली की पुढे आलेले हात कधी कधी थबकतात, हेही आम्ही पाहिले आहे. त्यातच मोबाईलला रेंज नव्हती. एक पोरगा गाडी काढून सड्यावर गेला, तेव्हा कुठे १०८ ला फोन लागला. रुग्णवाहिका येईपर्यंत बराच वेळ गेला. तरुण वाचला, पण पाय मोडला आणि रोजगारही गेला.

त्या दिवसापासून आम्ही एका यंत्राचा विचार करीत आहोत. मनगटावरील घड्याळात, हेल्मेटमध्ये किंवा जाकिटात बसणारे सेन्सर आता बाजारात आले आहेत. आत बोटाच्या नखापेक्षा लहान चकत्या असतात. एक वेगातील बदल मोजते, दुसरी शरीर किती फिरले ते मोजते, तिसरी उपग्रहावरून ठिकाण सांगते. मोठा हिसका बसला आणि त्यानंतर माणूस हललाच नाही, तर यंत्र काही सेकंद गजर करते. कोणी तो बंद केला नाही, तर मोबाईलमार्फत मदतीचा संदेश जातो. मोटारसायकल शर्यतीच्या 'मोटोजीपी' स्पर्धेत २०१८ पासून हवेने फुगणारा पोशाख सक्तीचा आहे. पडणारा जमिनीला टेकण्यापूर्वीच तो फुगतो.

या यंत्राचा मोठा गुण असा की ते 'कोणाचो?' विचारीत नाही. बेशुद्ध माणूस फोन करू शकत नाही, त्याच्या वतीने ते हाक मारते. मग प्रश्न उरतो तो हा की ही हाक कोणासाठी तयार झाली?

युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींत आपोआप मदत मागणारी यंत्रणा सक्तीची झाली, ती मोटारी आणि हलक्या व्हॅनसाठी. ॲपलने २०२२ मध्ये अपघात ओळखणारी सोय आणली, तीही मोटारींचे अपघात डोळ्यांसमोर ठेवून. आपल्या देशात मरतो कोण? केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ माणसे गेली. म्हणजे मरण दुचाकीवर आणि संरक्षण चारचाकीला! माणसाने 'कोणाचो?' विचारले, बाजार 'किती पैसे?' विचारतो. दोन्ही प्रश्नांत मागे राहतो तो गरीबच.

इथे आम्हांला चाळीसगाव आठवते. १९२९ साली बाबासाहेब तिथे उतरले, तेव्हा अस्पृश्याला नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. वस्तीतील माणसांनी टांगा मिळवला आणि सवय नसलेला आपलाच एक माणूस हाकायला बसला. मोरीवर चाक दगडाला धडकले, घोड्यासकट टांगा खाली कोसळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जाऊन बेशुद्ध पडले. त्यांचा पाय मोडला. त्यांना उचलले ते महारवाड्यातील माणसांनी, रडत रडत. हा अपघात नुसता घोड्याचा नव्हता. तो नकाराचा होता. अपघाताचे कारण रस्त्यात जितके असते तितकेच समाजातही असते, हा त्याचा धडा होय.

म्हणून यंत्र आले की सारे आपोआप सुधारेल, या भ्रमात आपण राहू नये. सिंधुदुर्गात हाक गेली तरी ती ऐकणारा हवा. सड्यावर चढल्याशिवाय रेंज नसेल तर सेन्सर मुका राहील. खड्ड्यांतील हिसक्यांनी खोटे गजर होतील, ते वेगळेच. अमेरिकेत तर उंच पाळण्यांत बसलेल्यांच्या फोनवरून मदतीचे खोटे संदेश गेले होते. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, हे चांगलेच झाले. तरी डोक्याला जबर मार लागलेल्यांना अनेकदा गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. मालवणपासून ती वाट शंभरेक किलोमीटरची. २०१८ च्या आरंभी तिथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात लोकांना आंदोलनाला बसावे लागले होते, हे विसरता येत नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. आशाताई, कंत्राटी वायरमन, मासळी आणि पार्सल पोचविणारे तरुण यांना असे यंत्र द्यायचे तर ते काम देणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने द्यावे. त्याची हाक थेट १०८ वर जावी. त्यातील नोंद जीव वाचविण्यासाठीच वापरावी. कुठे थांबला, किती उशीर केला, हे दाखवून मजुरी कापण्यासाठी नव्हे. घाटवळणांवर आणि खाडीकाठी आधी रेंज द्यावी.

सरकार देईल तेव्हा देईल. दरम्यान आपल्या हाती काय आहे? हेल्मेट डोक्यावर घाला. त्याने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरातील अभ्यासांचा आढावा सांगतो. जखमीला उचलणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१६ मध्ये मान्य केले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने ते कायद्यात आले. मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. दवाखान्यात हे ठासून सांगा. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार प्रथमोपचाराच्या शिक्षणाला द्या. रक्त कसे थांबवावे, मान न हलवता जखमीला कसे उचलावे, हे दहा पोरांना जरी आले तरी एक वाडी सुरक्षित होईल.

चाळीसगावच्या मोरीवर जे हात धावले, त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. आज यंत्र आले आहे. ते हात मात्र कमी पडू देऊ नका. उद्या वळणावर कोणी पडलेला दिसला, तर 'कोणाचो?' हा प्रश्न त्याला रुग्णवाहिकेत ठेवल्यावर विचारा.