मे महिन्यात गच्चीवर पाणी

पहाटे साडेपाच

धाडमधल्या एका गच्चीवर परवापासून पाणी भरून ठेवलंय. मे संपत आला, नळाचा भरवसा नाही, आणि मी टँकरचं पाणी चांगल्या कोरड्या गच्चीवर ओतायला लावलं म्हणून घरमालक दोन दिवस तोंड फिरवून बसलाय. त्याचा राग मला समजतो. पण कोबा गळतो की नाही, ते जुलैत कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. चार बोटं पाणी, पाइपाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा, 48 तास. एवढं झाल्याशिवाय मी कुणाचं काम पुरं धरत नाही.

आधी खालच्या खोलीत गेलो. छताच्या आणि भिंतीच्या सांध्यावरून उलटा हात फिरवला. कोरडं होतं. मग वर आलो तर पाणी दीड बोट उतरलेलं.

"गळलं ना मिस्त्री?"

गच्चीच्या कोपऱ्यात मी परवाच एक घमेलं भरून ठेवलं होतं, आतून पेन्सिलची रेघ मारून. घमेल्यातलं पाणीही रेघेखाली दीड बोटच. म्हणजे हे पाणी उन्हानं नेलं. मालकानं दोनदा वाकून बघितलं, मग चहा सांगितला. बोळा काढून पाणी खाली पिंपात उतरवलं. दुसऱ्या कामाला शिंपायला ते लागतंच.

साडेसात

दुसरं घर. इथे वरच्या मजल्याची गॅलरी, 18 फूट लांब, 4 फूट रुंद. फरशी चकचकीत, आणि तरी खालच्या बैठकीत दर पावसाळ्यात छताचा रंग फुगतो. दोन वर्षं त्यांनी सांध्यांवर कसली कसली केमिकलं मारून बघितली. थापीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवत गेलो. निम्म्यांचा आवाज पोकळ. फोडल्यावर कारण दिसलं: बसवणाऱ्यानं चार कोपऱ्यांना आणि मधे मसाल्याचे गोळे ठेवून वरून फरशी दाबलेली. गोळ्यांच्या मधल्या जागेत पाणी साठून राहिलेलं. मे महिन्यातही एका कोपऱ्यात मसाला ओला निघाला.

फरशीतून पाणी जात नाही, पण सांध्यातून जातं. कितीही चांगलं भरा, सांधा कधीतरी चिरतोच. म्हणून पाणी अडवायचं ते फरशीच्या खाली, आणि खाली पोचलेल्या पाण्यालाही बाहेरची वाट ठेवायची. लोक फरशीवर 50 हजार घालतात आणि तिच्या खालच्या थराला "तेवढं उरकून टाका" म्हणतात.

साडेनऊ

मलबा खाली गेल्यावर पाणसळ लावली. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन टोकांना दोन माणसं. उतार दाराकडे निघाला! तोही अर्धा इंच. पाऊस गॅलरीत पडायचा आणि दारातून घरात विचारपूस करायला यायचा. वर घरातली आणि गॅलरीतली फरशी एका पातळीत. आजकाल सगळ्यांना असंच सपाट हवं असतं. मी सांगितलं, उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी उभी राहील, पाय उचलून जावं लागेल. चार फुटाला पाऊण इंच उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा आणि एकाऐवजी दोन पाइप काढायचे. पाइपही भिंतीपासून वीतभर पुढे. आत्ताचा पाइप भिंतीला चिकटून संपतो, त्यामुळे सगळं पाणी भिंतीवरूनच उतरतं आणि तिथे शेवाळाचा काळा पट्टा पडलाय. स्लॅबच्या खालच्या कडेला खाच मारायचीही राहिलीय. खाच असली की थेंब तिथे सुटतो, नसली की छताला धरून आत सरकतो.

मालक म्हणाला, "गच्चीवर घातला तसा विटांचा कोबाच घाला ना इथे."

नाही. विटांच्या तुकड्यांचा चार इंच कोबा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भरतो. गच्ची चारी बाजूंनी भिंतींवर बसलेली असते, तिला ते झेपतं. गॅलरी एका बाजूनं धरलेली, बाकी अधांतरी. तिच्यावर पातळ उतार आणि वरून कोटिंग, एवढंच.

रेलिंगचे खांब फरशीला भोकं पाडून ठोकलेले निघाले. त्यावर बोलत बसलो असतो तर दुपार झाली असती.

बारा

काम बंद. या उन्हात सिमेंटमधलं पाणी ते जमायच्या आधीच उडतं. मालकाच्या आईनं ताक दिलं आणि धाब्याच्या घराची गोष्ट काढली. लाकडी कड्या, त्यावर काटक्या, पाला, माती, आणि दर वर्षी मृगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर. पावसात कुणीतरी धाब्यावर चढून गळती शोधायचं. "तवा उतार बघूनच माती टाकत व्हते," आजी म्हणाली, "आता इंजिनेर बघत नाहीत." मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला.

हेल्परनं एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी थंड देशातली गॅलरी, फरश्या पापडासारख्या सुटून आलेल्या. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. सांध्यातून आत गेलेलं पाणी हिवाळाभर गोठतं, वितळतं, आणि फरशी उचलून देतं. तिथे फरशीखाली फुगवट्यांची प्लॅस्टिक चटई अंथरतात, म्हणजे आलेलं पाणी खालून वाहून जातं. आमच्या बुलढाणा तालुक्यात थंडी बरी असते, पण बर्फ नाही. इथे हे काम ऊन करतं. दुपारी पाय ठेवता येत नाही इतकी तापलेली फरशी, त्यावर जूनचा पहिला थंड सपकारा. फुगणं, आकसणं, की सांधा मोकळा. इलाज मात्र दोन्हीकडे सारखाच निघाला: उतार, खालचा थर, आणि भिंतीकडेनं मोकळी फट. फरशी भिंतीला कच्च भिडवली की तापल्यावर तिला जायला जागा राहत नाही, मग ती मधून वर येते.

साडेतीन

उताराचा मसाला उद्या सकाळी टाकायचा, म्हणून सामान मोजून ठेवलं. वॉटरप्रूफिंगचं औषध 50 किलोच्या पोत्याला 200 मिली. पोरांना वाटतं जास्त ओतलं की जास्त पक्कं होतं, म्हणून माप मी माझ्या पिशवीत ठेवतो.

साडेपाच

चांडोळला. इथल्या गॅलरीचा उतार पुरता पिकलाय. आज कोटिंग. ऊन कललं की सुरू करायचं, तापलेल्या पृष्ठभागावर ब्रश ओढला की थर सुरकुततो. आधी झाडून, धुऊन, ओल राहील पण डबकं राहणार नाही असं केलं. भिंत आणि जमीन मिळतात तिथे मसाल्यानं गोलाई आधीच दिलीय, कारण काटकोनात थर हमखास चिरतो. गोलाईवर फायबरची जाळी बसवली, कोटिंग भिंतीवर वीतभर चढवलं, पाइपाच्या तोंडात आतपर्यंत फिरवलं. तिथे ब्रश जात नाही, बोटं घालावी लागतात. गळती निम्म्या वेळा तिथूनच असते, गॅलरीच्या मधून क्वचित.

पहिला हात लांबीत. दुसरा उद्या पहाटे आडवा.

साडेसात

निघताना मालकानं फरशीचा नमुना दाखवला. काळी, गुळगुळीत, दोन बाय चार फुटांची, सांधा दिसणार नाही अशी बसवायची.

"भाऊ, पांढरी घ्या. छोटी आणि खरखरीत. आणि तीन मिलीचा सांधा मी ठेवणारच."

"पण घरात बायकोनं हीच पसंत केलीय."

"मग वहिनींना दुपारी दोन वाजता काळ्या फरशीवर अनवाणी उभं करून विचारा."

तो हसला. फरशी अजून दुकानातच आहे, ॲडव्हान्स फक्त दिलाय. उद्या पहाटे दुसरा हात मारायला येईन तेव्हा काय ठरलं ते सांगतो म्हणाला.