गढूळ पाणी आणि मातीचा बांध

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांत खाणींच्या मातीचे ढीग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणकाम थांबवले, तरी ढीग तसेच राहिले. पावसात ती तांबडी माती ओढ्यात जाऊ नये म्हणून पायथ्याशी मातीचा बांध घालून गाळाचे तळे करतात. तेथे पाण्याचा वेग मंदावतो. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण दोन-तीन मिनिटांत मीटरभर खाली बसतो. चिकणमातीच्या सूक्ष्म कणाला मात्र काही दिवस लागतात. तळे गाळाने भरले की पाणी थांबतच नाही, सरळ वाहून जाते.

डॉक्टर म्हणून मला याची काळजी वाटते. जंतू मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मग जुलाब, कावीळ, विषमज्वर असे आजार पसरू शकतात.

तळ्यात पाणी निवळते, पण जंतू मरत नाहीत. म्हणून घरी पाण्यात तुरटी फिरवावी, गाळ बसू द्यावा, वरचे पाणी स्वच्छ फडक्याने गाळून उकळावे. तळ्यातला गाळ मात्र पावसाळ्यापूर्वीच उपसला पाहिजे. ग्रामसभेत हा विषय तुम्हीच काढा.