राखेतलं रताळं, कुकरमधला बटाटा

उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजाव्या लागतात, त्या बीड जिल्ह्यात पाण्यावाचून शिजवण्याच्या रीती रुजल्या नसत्या तरच नवल. इथं वांगं विस्तवावर भाजतात, मिरची तव्यावर रगडतात आणि रताळं चुलीच्या गरम राखेत सरकवून देतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत चूल मागे सरली, कुकर आला, बटाटा रोजचा झाला. कंद कुस्करून केलेल्या भरिताचा पोतही या काळात बदलत गेला. त्या बदलाचा माग काढला तर बहुतेक वाटा पाण्यापाशीच येऊन थांबतात.

रताळं आणि बटाटा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळात ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले. एकादशीला घरच्या ज्वारी-गव्हाला ताटात जागा नसते, पण सातासमुद्रापलीकडच्या या दोघांना असते. बीडमध्ये उपवासाचे निमित्त शोधावे लागत नाही. आषाढीच्या आधी एकनाथांची पालखी पैठणहून निघून रायमोहा-पाटोद्यावरून जाते, मुक्ताईची गेवराई-बीडमार्गे, तर शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून. महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या दर्शनाला रीघ लागते. अशा दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळी हा बेत ठरलेला.

पुस्तकी पाककृती मात्र या भागात उशिरा पोचली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये छापलं गेलं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ 1910 मध्ये. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. 1948 मध्ये ते राज्य भारतात विलीन झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. इथली चव सासू-सुनांच्या हातांतून पुढे जात राहिली. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि ‘अंदाजाने’ या मापाच्या जागी वाटी-चमच्याचं माप आलं.

दोनच वर्षांनी, 1972 मध्ये, मोठा दुष्काळ पडला. त्या पिढीच्या आठवणीत खडी फोडण्याची कामं आहेत, सुकडी आहे, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना याच काळात गावोगाव पोचली. तिचा कायदा 1977 मध्ये झाला. ज्या घरात पिण्याचं पाणी लांबून डोक्यावर आणायचं, तिथं कंद पातेलंभर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देणं परवडणारं नव्हतं. राख फुकट होती.

राखेत भाजण्यात चवीचाही फायदा होता. रताळं हळूहळू तापतं तेव्हा साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यातलं एक विकर पिठाची साखर करू लागतं. राखेत तो टप्पा लांबतो, वरून पाणीही उडतं. म्हणून भाजलेलं रताळं गोड आणि घट्ट लागतं. कुकरमध्ये तापमान झपाट्यानं 120 अंशांच्या आसपास जातं. रताळं मऊ होतं, पण गोडी कमी उतरते, आणि फोडी थेट पाण्यात टाकल्या असतील तर गर पाणचट होतो.

प्रेशर कुकर बनवणारी हॉकिन्स कंपनी 1959 मध्ये सुरू झाली. पुढच्या दशकांत कुकर शहरांतून तालुक्यांत आणि तिथून खेड्यांत गेला. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस आणखी घरांत पोचला. धूर कमी झाला, वेळ वाचला. भरीत मात्र सैल झालं. चुलीची रीत अजून टिकली आहे ती ऊसतोडीच्या फडावर. दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसं उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. भोगी आणि महाशिवरात्र हे दोन्ही दिवस त्यांना बहुधा कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच येतात, तीन दगडांच्या चुलीपाशी.

बटाट्याची जातही याच काळात बदलली. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला गेली. तिची ‘कुफरी ज्योती’ 1968 ची, ‘कुफरी पुखराज’ आणि ‘कुफरी चिप्सोना-1’ या 1998 च्या. पुखराज लवकर तयार होतो, पण त्यात पाणी जास्त, चिप्सोना पिठूळ. भाजीवाल्याकडे ही नावं मिळत नाहीत, पण घरी पारख करता येते. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटे सोडावेत. बुडतील ते पिठूळ, भरिताचे. तरंगतील ते रश्श्याला ठेवावेत. शीतगृहातून नुकता आलेला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते. असा बटाटा काही दिवस घरात उघड्यावर ठेवला की गोडी कमी होते.

कुकर आणि चूल या दोन्हींचा फायदा घेणारी कृती आता सहज जमते. अर्धा किलो बटाटे सालासकट, अख्खे, डब्यात पाणी न घालता कुकरमध्ये वाफवावेत. साल काढून गरम तव्यावर दोन-तीन मिनिटं फिरवले की वाफ निघून जाते. मग गरम असतानाच पितळी वाटीच्या बुडानं किंवा पावभाजीच्या मॅशरनं रगडावेत. मिक्सर नको, पात्यांनी पिठाचे कण फुटतात आणि गराची खळ होते. मीठ, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि दाण्याचं जाडसर कूट मिसळावं. दही गर निवल्यावर, घट्ट असेल तेवढंच घालावं. गरम गरात ते फुटतं. वरून तुपात जिऱ्याची फोडणी. उपवास नसेल तर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता.

रताळ्याला तवाच बरा. अख्खं रताळं जाड बुडाच्या तव्यावर झाकण घालून मंद आचेवर, उलटत-पालटत, टोचलेली सुरी अडत नाही तोवर भाजावं. गाजरात पीठ फारसं नसतं, म्हणून ते वाफवून कुस्करल्यावर कढईत थोडं परतून आटवावं. मुळा किसून, मीठ लावून पिळूनच घ्यावा. सुरणाची खाज त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते. शिजवताना चिंच घातली की ती कमी होते.

जानेवारीत, भोगीच्या आसपास, लाल गाजरं आणि मुळे बाजारात स्वस्त होतात. तेव्हा निम्मा बटाटा आणि निम्मं गाजर असं भरीत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर चांगलं जातं. उरलंच तर दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारीचं पीठ आणि कोथिंबीर मळून थालीपीठ लावावं. मळताना आधी भरिताचाच ओलावा वापरावा, पाणी लागलंच तर शेवटी शिंपडावं.