न्यायाधीश पदावर राहणार की नाही, कोण ठरवतं?

माहूरकर मंडळी, आपण नगरपंचायतीपासून किनवट विधानसभा, हिंगोली लोकसभेपर्यंत मतदान करतो. न्यायाधीशासाठी कधीच नाही. जपानमध्ये करतात! सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नावं लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहाच्या निवडणुकीसोबत वेगळ्या मतपत्रिकेवर येतात. प्रतिस्पर्धी कुणी नसतो. नको त्या नावापुढे फुली मारायची. त्यातून आजवर एकही न्यायाधीश घरी गेलेला नाही.

अमेरिकेत गेलेत. कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड १९८६ मध्ये हरल्या. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या निकालानंतर आयोवातल्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी २०१० मध्ये घालवलं. निकाल लिहिताना मतपेटी आठवावी लागणं मला तरी धोक्याचं वाटतं.

आपल्याकडे उच्च न्यायालयाचे कायम न्यायमूर्ती ६२व्या वर्षापर्यंत राहतात. हटवायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. खरी कसोटी अतिरिक्त न्यायमूर्तींची. राज्यघटनेच्या कलम २२४ नुसार त्यांची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची. पुढे कायम करायचं की नाही, हे मतदार ठरवत नाहीत.

आणीबाणीत मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती उ. रा. लळीत यांना सरकारनं कायम केलं नाही. त्यांचेच पुत्र उदय लळीत २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले! आता ही शिफारस ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ, म्हणजे कॉलेजियम करतं. नागपूर खंडपीठाच्या अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याखालील निकालांवर २०२१ मध्ये वादळ उठलं, तेव्हा त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमनं मागे घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.